कोतवालाचं विसरणं

आमच्या लहानपणी परतवाड्याला कुत्रा कुणा एकाचा नसायचा, गल्लीचा असायचा. चार घरची पोळी खायचा आणि पाचव्या घराच्या ओट्यावर झोपायचा. तो चावला तर निर्णय मात्र एकाच माणसाचा असायचा. आमच्या गल्लीतला लाल्या शेजारच्या इंगोल्यांच्या नातवाला चावला, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला पोत्यात घातलं, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि धारणीच्या रस्त्याला लांब कुठेतरी सोडून आले. घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसले. कुणी काही विचारलं नाही. आम्ही पोरं रडलो, पण आमच्या रडण्याला कुणी उत्तर द्यावं अशी आमचीही अपेक्षा नव्हती.

कोतवालाच्या वेळी सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. यंत्रांनाही विचारलं. आणि यंत्रांनी सगळं खरं खरं सांगितलं, तिथेच पंचाईत झाली.

कोतवाल आला तो माझे यजमान गेले त्या उन्हाळ्यात. फाटकाशी एक पिवळसर पिल्लू येऊन बसलं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करू लागलं. दूधवाला, वीजमीटर बघणारा, सांत्वनाला येणारी माणसं, सगळ्यांना आधी त्याच्यासमोर उभं राहावं लागे. "काकू, हे तर कोतवाल झालं तुमचं," पलीकडचे सलीमभाई म्हणाले आणि तेच नाव पडलं. मोठ्या घरात मी एकटी. माझ्यासोबत तो एकटा. मी बोलायची आणि तो ऐकायचा. माणूस गेल्यावर घरात जी एक बाजू रिकामी पडते, तिथे तो येऊन झोपला, एवढंच मी सांगू शकते.

मला जुना मधुमेह आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला शुगर वाढण्यापेक्षा एकाएकी उतरण्याची भीती जास्त. घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस जागेवर कोसळतो. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असते, ती शुगर मोजते आणि उतरायला लागली की वाजते. त्या दिवशी जुनी चकती काढून नवी लावायची राहून गेली होती. मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता पडले.

पुढचं मला सलीमभाईंनी सांगितलं. कोतवाल आधी भुंकत होता, मग त्याचा आवाज बसला, तरी तो घशातून नुसती हवा काढत राहिला. ते ऐकून सलीमभाई भिंतीवरून आत आले, तर हा माझ्या छातीशी उभा. केस पिंजारलेले, दात बाहेर. जवळ येऊ देईना. शेवटी त्यांनी ओट्यावरची सतरंजी त्याच्यावर टाकली, त्याला तिच्यात गुंडाळून धरलं आणि त्यांच्या बायकोनं माझ्या तोंडात साखरेचं पाणी घातलं. "तुमचं कुत्रं हाय का वाघ हाय, काकू!" दवाखान्यात ते मला मनगट दाखवून हसत होते. मनगटावर पट्टी होती.

त्या दिवसापासून कोतवाल माझ्या पायाशी झोपू लागला. आणि त्या दिवसानंतर माझा मुलगा तुषार आम्हां दोघांना नागपूरला घेऊन गेला.

नागपुरात तेव्हा जुनी नावं परत आली होती. तुषार आणि रसिकाच्या मुलीचं नाव यमुना. माझी आत्या यमुना होती, तिला आयुष्यभर त्या नावाची लाज वाटली. आता बालवाडीत तीन यमुना, दोन गोदावरी आणि एक तुळसा. आमच्या यमूला कुत्रा म्हणजे स्वर्ग होता. ती त्याच्या अंगावर लोळायची, कानात गुपितं सांगायची. तो सोसायचा. दिवसभर त्याच्या पट्ट्यावरचा दिवा हिरवा असायचा.

त्या पट्ट्याबद्दल सांगायला हवं. शहरात पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याला तो सक्तीचा होता. आतल्या बाजूला कातडीला टेकणारे बारीक ठिपके असत. ते हृदयाचे ठोके, श्वास आणि अंगातली ताणाची रसायनं मोजत. कुत्रा शांत असला की हिरवा दिवा, अस्वस्थ झाला की पिवळा, चावायच्या बेतात असला की लाल. लोकांना वाटे, आता कुत्रं कळलं. पण दिवा फक्त कुत्र्याची अवस्था सांगतो, तिचं कारण सांगत नाही.

घरी एक रीत मीच आणली होती. तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. रसिकाला आधी ते जुनाट वाटलं, मग आवडलं. यमूला तर त्याचा खेळच झाला. ती दारापासून धावत यायची आणि माझ्या पायांवर झेप घ्यायची.

एका संध्याकाळी मी आरामखुर्चीत बसले होते. कोतवाल पायाशी. त्याचा दिवा पिवळा झाला होता, पण संध्याकाळी तो बरेचदा पिवळा व्हायचा, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. यमू धावत आली आणि वाकली. पट्टा लाल व्हायच्या आत तिचा हात त्याच्या तोंडात होता.

दोन दात रुतले. टाके नाही पडले, पण यमूची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. त्याहून विचित्र म्हणजे तिला सोडल्यावर कोतवाल तिच्याकडे बघतही नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"आई, मी काही बोलत नाहीये," रसिका यमूला उराशी धरून म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा. तो परत असं करणार नाही, हे तुम्ही सांगू शकता?"

मी कोतवालाचा पट्टा घट्ट धरला.

"कोतवालसाहेबांची बदली करावी लागते बहुतेक," तुषार म्हणाला. त्याला ताण आला की तो विनोद करतो, वडिलांवर गेलाय.

त्या वर्षांत नियम असा होता की पाळीव कुत्रा एकदा चावला तर नोंद होते. लहान मुलाला दुसऱ्यांदा चावला तर त्याला घरात ठेवता येत नाही. कुत्री घेणारी आश्रयघरं गच्च भरलेली असत आणि चावऱ्या कुत्र्याला तिथेही जागा नसे. त्याच्यासाठी शेवटची सुई असे.

आम्ही जमेल ते सगळं केलं. पाया पडणं बंद केलं. कोतवालाच्या तोंडाला जाळी बांधली, तर तो खाईना. माझ्या खोलीत बंद केलं, तर दार खरवडून खरवडून त्यानं पंजे रक्ताळून घेतले. मग त्याच्यासोबत मीही खोलीत राहू लागले. जेवणही तिथेच. यमू दाराबाहेर बसून दाराखालच्या फटीतून बोट आत सरकवायची आणि तो ते चाटायचा. "आजी, तुम्हाला दोघांना शिक्षा झालीय का?" ती विचारायची.

असा महिना गेला. मग एक दिवस मी यमूला न्हाऊ घालायला बसले. नागपूरचा मे महिना, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि पोरगी लांब बाह्यांचा फ्रॉक काढू देईना.

"काहून गं? एवढ्या उकाड्यात?"

"मला थंडी वाजते."

"मे महिन्यात थंडी? दाखव बरं."

"नको ना आजी. आजी, नको ना."

मी बाही वर केली. कोपराच्या खाली तिनं एकाला एक चिकटवून रंगीत चित्रं लावली होती. फुलपाखरं, तारे, एक हसरा हत्ती. शाळेत शाबासकी म्हणून मिळतात ती. त्यांच्या कडांतून पिवळट ओल येत होती. मी पाण्यानं भिजवून एकेक काढलं. खाली दाताच्या खुणा होत्या आणि त्या सुजल्या होत्या.

"केव्हा?"

"परवा. तू खोलीत खुर्चीत झोपली होतीस. दार उघडंच होतं. तुला घाम आला होता, म्हणून मी पुसायला गेले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"बाबा म्हणाले होते ना, परत चावला तर त्याला ठेवणार नाहीत." ती हुंदके देऊ लागली. "मी कुणालाच नाही सांगितलं, आजी. मी झोपेत पण नाही सांगितलं."

मी तिला ओलीच कुशीत घेतली. कुत्र्याला वाचवायला ही एवढीशी पोर एकटी जखम सोसत होती. तिच्या आई-बापानं माझ्यावर कितीही राग काढला असता तरी चाललं असतं, पण त्या हसऱ्या हत्तीपुढे माझं काही चालेना.

डॉक्टरीणबाईंचं नाव सुनयना उईके. प्राण्यांच्या मेंदूवर काम करायच्या. अमरावती रस्त्याला त्यांचं छोटं उपचार केंद्र होतं. दाखल्यात दुसरा चावा लिहावा लागला, पण उपचार घेतले तर नियम थोडी मुदत देत होता. त्यांनी कोतवालाच्या पट्ट्यातली सगळी माहिती काढली आणि मला एक अनपेक्षित गोष्ट मागितली.

"काकू, तुमच्या दंडावरच्या चकतीची माहितीही द्याल का?"

पडद्यावर त्यांनी दोन रेषा एकीवर एक ठेवल्या. एक माझ्या शुगरची, एक कोतवालाच्या अस्वस्थपणाची. माझी रेषा जिथे जिथे खाली वळत होती, तिथे त्याची वर चढत होती. आणि दर वेळी आधी त्याची चढत होती.

"चकती कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजते," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातला बदल तिथवर पोचायला वेळ लागतो. पण तुमच्या श्वासाचा आणि घामाचा वास लगेच बदलतो. माणसाला तो कळत नाही, याला कळतो. संध्याकाळी जेवणाआधी तुमची शुगर उतरते. तो समजतो, आता तुम्ही पडणार. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी धावत येऊन तुमच्या पायांवर झेप घेतं."

"म्हणजे तो यमूचा राग करत नाही?"

"नाही. तो तुमच्यासाठी घाबरतो. तुम्ही अंगणात पडलात, तो दिवस त्याच्यासाठी संपलेलाच नाही. तुम्हाला घाम फुटला की तो परत त्या अंगणात उभा असतो."

सोबत आलेल्या तुषारनं डोळे पुसले. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही.

मग डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितला. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे दगडावरची अक्षरं. तसं नसतं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती आठवण साठ्यातून बाहेर काढतो आणि तेवढा वेळ ती मऊ होते, कणीक तिंबल्यासारखी. पुन्हा जागेवर ठेवताना तिला नव्यानं घट्ट करावं लागतं, त्यासाठी मेंदूतल्या पेशी ताजी प्रथिनं बनवतात. नेमकं त्या वेळी प्रथिनं बनू दिली नाहीत, तर आठवण घट्ट होत नाही. विरघळते. औषध फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ते मेंदूत सगळीकडे पसरायचं. आता आवाजाच्या लहरी कवटीतून एका बिंदूवर रोखून औषध तेवढ्याच जागी उतरवता येत होतं. लोक याला सरळ 'पुसणं' म्हणत.

"मग तेवढा अंगणातला दिवस पुसा," मी म्हणाले. "चांगलंच होईल. त्याचीही सुटका."

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "काकू, आठवण सुटी नसते. जाळं असतं. त्या दिवसाच्या जाळ्यात मधोमध तुम्ही आहात. तुमचा वास, तुमचा आवाज, तुमचं असणं. मी दिवस काढला तर तुम्हीही जाता. मी फार जपून केलं तरी."

"म्हणजे मला ओळखणार नाही?"

"घरातलं कुणीतरी म्हणून ओळखेल. हळूहळू."

कोतवाल माझ्या पायाशी बसून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. पट्टा हिरवा होता.

घरी आल्यावर मी म्हणाले, "मी त्याला घेऊन परतवाड्याला जाते. घर आहेच."

"आणि परत पडलीस तर?" तुषारचा आवाज चढला. "सलीमभाई आता किती थकलेत, त्यांना भिंत चढता येणार आहे का? हा कुणाला जवळ येऊ देणार नाही, आई. तुझी राखण करता करता तुला मारेल हा!"

"मरायचंय तेव्हा मरेन. माझं वय झालंय."

"यमूला कोण सांगेल हे? तू सांग. आत जा आणि सांग तिला."

तेव्हा रसिका बोलली. ती इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. "मी यमूला घेऊन माझ्या आईकडे जाते. आई, तुम्ही इथे राहा. त्यालाही ठेवा. नियमात मूल घरात नसलं की चालतं. मी वाचलंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच निघायला तयार होती. मला त्याची भीती वाटली. एका कुत्र्यापायी हे घर दुभंगायला निघालं होतं आणि कुणाचंच चुकत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी तुषार चहा घेऊन माझ्याजवळ बसला.

"आई, वाईट वाटून घेऊ नको. पण मला वाटतं, तुझ्यासाठी सुईच बरी. निदान तो तुझा म्हणून जाईल. पुसलं, तर तो इथेच असेल, तुझ्यासमोर हिंडेल, आणि तुला... तुला कसं बघवेल?"

हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. दोनदा, तीनदा. त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल, मी त्याच्या कानामागे खाजवत असेन आणि तो माझ्याकडे बघत बघत झोपेल. यजमानांच्या वेळी मला एवढंही मिळालं नव्हतं, ते दवाखान्यात काचेच्या पलीकडे गेले. कुणीतरी माझं होऊन, माझ्या हातात गेलं असतं. त्या विचारात मला सुख होतं, हे मी नाकारत नाही.

पण ते सुख माझं होतं. कोतवाल आठ वर्षांचा होता. त्याचे दात शाबूत होते, भूक चांगली होती. गच्चीवर कावळा बसला की अजून त्याचे कान टवकारायचे.

"मेला तर माझा म्हणून मरेल," मी म्हणाले. "आणि जगला तर कुणाचा का असेना, जगेल. फोन लाव डॉक्टरांना."

उपचाराच्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. आठवण मऊ व्हायला आधी ती जागी व्हावी लागते, आणि ती जागी करणार कोण? डॉक्टर म्हणाल्या, माझ्या घामाचा कपडा वापरता येईल, मी आत यायची गरज नाही. पण तसं केलं तर काम अर्धवट राहायची शक्यता होती. अर्धवट पुसलेला कुत्रा जास्त धोक्याचा.

"मी बसते," मी म्हणाले. "खऱ्याच घामात बसते."

माणसांच्या डॉक्टरांनाही बोलावलं होतं. इन्सुलिनची सुई घेऊन मी उपाशी राहिले. पांढऱ्या खोलीत एक खुर्ची, त्यात मी. कोतवालाच्या डोक्यावर हलकी टोपी बसवलेली, पायाला बारीक नळी. त्याला त्याचं काही नव्हतं. मी समोर होते म्हटल्यावर तो शेपटी हलवत होता. मी त्याच्याशी बोलत बसले. परतवाड्याचं बोलले. दूधवाल्याला तो कसा उभं करायचा, ते सांगितलं. मला जे जे आठवत होतं ते मी सांगून टाकलं, कारण आता ते आठवणारी मी एकटीच उरणार होते.

मग मला घाम फुटू लागला. हात कापायला लागले. चकती अजून वाजली नव्हती, पण तो उठला. माझ्या दोन्ही पायांवर आपलं अंग टेकवून, पाठ माझ्याकडे करून उभा राहिला. पट्टा पिवळा झाला. एक परिचारिका दारातून झपझप आली आणि यमूसारखी माझ्या पायांशी वाकली. तिच्या हाताला जाड आवरण होतं. कोतवाल गुरगुरला. सगळं अंग ताठ, पट्टा लालबुंद. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काळजी करू नको, मी आहे, असं ते बघणं होतं. मी त्या नजरेवर इतकी वर्षं जगले होते.

"आत्ता," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"मी इथेच आहे, कोतवाल," मी म्हणाले. "मी पडले नाही. बघ, मी बसलेय."

नळीतून औषध गेलं. तो माझ्या पायांवर तसाच हळूहळू खाली बसला आणि झोपला. मला कुणीतरी साखरेचं पाणी पाजलं. ते गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गेलो. त्यानं आधी खोली हुंगली, मग तुषारचे बूट, मग यमू दिसली तशी शेपटी हलवली. लहान मुलं त्याला मुळात आवडायचीच. मी हात पुढे केला. तो आला. बोटं हुंगली. पाहुण्याशी वागतात तसा नीट, सभ्यपणे वागला. मग मान वळवून यमूच्या हातातल्या खाऊकडे गेला.

जुन्या हाकेलाही मागचे धागे चिकटलेले असतात म्हणून नाव बदलायला सांगितलं होतं. यमूनं बराच विचार करून 'लाडू' ठेवलं.

"कोतवालाचा लाडू!" तुषार हसायला गेला आणि मधेच थांबला.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काकू, एक सांगायचं राहिलं. मी त्याची आठवण काढलीय, स्वभाव काढलेला नाही. नाकही तेच आहे. तुमची शुगर पुढेही उतरणार. ज्याच्यावर त्याचा जीव बसेल आणि जो असा अशक्त होईल, त्याची राखण तो करणारच. म्हणून..."

"म्हणून मी जीव लावू द्यायचा नाही."

"हातानं भरवू नका. जवळ झोपू देऊ नका. रागवायचं नाही, काही नाही. फक्त परकं राहा."

"कुठवर?"

"तो आहे तोवर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्याहून गार होता.

घर पुन्हा घर झालं. रसिका मोकळेपणी हसू लागली. एकदा स्वयंपाकघरात तिनं मागून येऊन मला घट्ट मिठी मारली आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली. तिन्हीसांजेला यमू धावत यायची, माझ्या पायांवर झेप घ्यायची, आणि लाडू कोपऱ्यात बसून जांभई द्यायचा. एका दुपारी माझी चकती वाजली तेव्हा तो पंख्याखाली पाय वर करून झोपला होता. मी उठून भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेले आणि साखर तोंडात टाकली. येताना त्याच्याजवळून आले. त्याला सावकाश ओलांडावं लागलं. स्वप्नात तो पाय झाडत होता. कशामागे पळत होता कोण जाणे.

त्याला वळसा घालून जायची मला सवय झाली. त्याचं जेवण यमू वाढायची, फिरायला तुषार न्यायचा. त्याच्या कानामागची ती मऊ जागा समोरून जायची तेव्हा मी हातात विणकाम घ्यायची. विणकाम मला धड येत नाही. दोन मफलर झाले, नागपुरात.

दिवाळीनंतरची गोष्ट. गॅलरीत ऊन आलं होतं आणि मी तिथे बसले होते. यमू आत चित्र काढत होती. लाडू आपला रबरी चेंडू तोंडात घेऊन घरभर हिंडत होता. गिऱ्हाईक शोधत होता. गॅलरीच्या दारात येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी विणकामाकडे बघितलं. तो आला. चेंडू माझ्या मांडीवर ठेवला, एक पाऊल मागे सरकला आणि शेपटी हलवत उभा राहिला. मी चेंडू टाकला नाही, तेव्हा त्यानं पुढे होऊन नाकानं तो माझ्या हातापाशी ढकलला. त्याचं नाक माझ्या बोटांना लागलं आणि तिथेच राहिलं. तो हुंगत होता. सावकाश, लक्ष देऊन. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी आठवण करून दिली नव्हती. घरातल्या चार माणसांतून तो आपण होऊन माझ्याकडे आला होता.

माझा हात उचलला गेला. त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर मी तो धरून ठेवला.

"यमू," मी हाक मारली. "यमू, तुझा कुत्रा इकडे आलाय बघ. घेऊन जा त्याला."

ती रंगाचे हात घेऊन धावत आली. "अगं आजी, त्याला तुझ्याशी खेळायचंय! टाक ना एकदा!"

"मला नाही गं आवडत चेंडू-बिंडू. जा घेऊन."

तिनं माझ्या मांडीवरून चेंडू उचलला आणि लांब, थेट बाहेरच्या खोलीत फेकला. तो वळला आणि धावत सुटला, कान उडत, नखं फरशीवर वाजत, आणि यमू ओरडत त्याच्या मागे. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाहावं असं त्याला काही कारणच नव्हतं.